संगणक वाचून शिकतो तेव्हा : अकोला की अकोले?



हल्ली मुलं प्रकल्पाची माहिती मोबाईलला विचारतात. उत्तर येतं आणि जसंच्या तसं वहीत उतरतं. पण त्या यंत्राला हे सांगितलं कुणी? बरेचदा कुणीच नाही. त्याने ते वाचून गोळा केलेलं असतं.

अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात टॉम मिचेल व सहकाऱ्यांनी जानेवारी 2010 मध्ये 'नेल' नावाचा प्रोग्राम सुरू केला. रात्रंदिवस इंटरनेटवरची पानं वाचायची आणि माहिती वेचायची, एवढंच त्याचं काम. शहर, नदी, खेळाडू असे वर्ग आणि प्रत्येक वर्गाची 10-15 उदाहरणं त्याला दिली होती. पुढचं तो शेजारच्या शब्दांवरून ओळखायचा. आपल्या भाषेत सांगायचं तर 'नागपूरचे महापौर', 'पुण्याचे महापौर' असं वाचलं की 'महापौर' च्या आधी येतं ते शहर, हा नियम तयार. मग 'अकोल्याचे महापौर' दिसलं की अकोला शहरांच्या यादीत.

यात गंमतही झाली. कुकीज म्हणजे खायची बिस्किटं, आणि ब्राउझरमध्ये साठणाऱ्या बारीक नोंदींनाही कुकीजच म्हणतात. नेलने 'इंटरनेट कुकीज' भाजलेल्या पदार्थांत टाकल्या. लोक कुकीज डिलीट करतात, तशा फायलीही डिलीट करतात. झालं, फाइलसुद्धा बेकरीत गेली! शेवटी माणसांना मध्ये पडून ते निस्तरावं लागलं.

मराठीत तर अडचण थेट आपल्या दारात आहे. आपला अकोला मोर्णाकाठी, आणि अहिल्यानगर जिल्ह्यातलं अकोले प्रवरेकाठी. नावं वेगळी, पण सामान्यरूप एकच : अकोल्यात, अकोल्याला, अकोल्याचा. 'अकोल्यात मुसळधार, भंडारदरा भरत आले' ही बातमी वाचून यंत्राने भंडारदरा धरण वऱ्हाडात आणून ठेवलं तर? (आलं असतं तर बरंच झालं असतं म्हणा!) जे शहर आहे ते खेळाडू असू शकत नाही, असली बंधनं नेलला घातलेली होती. ती इथे कामाची नाहीत, कारण दोन्ही गावंच आहेत. अमरावतीचंही तसंच. एक आपली, दुसरी कृष्णाकाठची आंध्रातली.

म्हणून मुलं गावाची माहिती इंटरनेटवर टाकतील तेव्हा तालुका, जिल्हा लिहायला लावा. वाचणाऱ्या माणसाला संदर्भ कळतो, यंत्राला तो शेजारच्या शब्दांतच शोधावा लागतो.

सातवी-आठवीला हा खेळ घेता येईल. चिठ्ठ्यांवर वाक्यं लिहा : 'अकोल्यात पारा 45 अंशांवर', 'अकोल्यात प्रवरेला पूर', 'अकोल्यात कृषी विद्यापीठाचा शिवार फेरी कार्यक्रम', 'अकोल्यात उद्या बाजार बंद'. पोट्ट्यांनी प्रत्येक चिठ्ठी 'अकोला' किंवा 'अकोले' डब्यात टाकायची आणि ज्या शब्दावरून ठरवलं त्याखाली रेघ मारायची. 'बाजार बंद' वर भांडण होईल, होऊ द्या. तिथे एखादं पोरगं 'सर, यावरून सांगताच येत नाही' म्हणालं, की तिसरा डबा ठेवा.