साल्ता-हुहुईच्या खोऱ्यांत: एकदिवसीय सहलींचा क्रम

अर्जेंटिनाच्या वायव्य कोपऱ्यातील साल्ता आणि हुहुई हे प्रांत अँडीज पर्वताच्या पूर्वेकडील उतारावर पसरलेले असून, हिरवी खोरी, तांबड्या खडकांच्या घळी, निवडुंगांनी भरलेली कोरडी पठारे, मिठागरे आणि स्पॅनिश वसाहतकाळात मातीच्या विटांनी बांधलेली गावे ही सारी तेथे एका दिवसाच्या प्रवासाच्या टप्प्यात येतात. त्यामुळे सकाळी साल्ता शहरातून निघून रात्री परत आणणाऱ्या, वाटाड्यासह जाणाऱ्या सहलींचा तेथे मोठा व्यवसाय आहे. बहुतेक आयोजकांची ठिकाणे सारखीच असतात. फरक पडतो तो या सहली कोणत्या क्रमाने केल्या, मुक्काम कोठे ठेवला आणि एखाद्या जागी कोणत्या प्रहरी पोहोचले यांमुळे. माहितीपत्रकात ठिकाणांची लांबलचक यादी असते, परंतु समुद्रसपाटीपासूनची उंची आणि उन्हाची दिशा या दोन गोष्टींविषयी बहुधा मौन असते, आणि सहल सुखाची होणार की नाही हे मुख्यतः याच दोन गोष्टींवर ठरते.

उंचीचा विचार प्रथम करावा लागतो. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. काफायाते हे या प्रदेशातील तुलनेने सखल मानले जाणारे गावच त्याच्या किंचित वर, जवळजवळ १,७०० मीटरांवर वसलेले आहे. ‘पुना’ या नावाने ओळखले जाणारे अँडीजमधील उंच, कोरडे पठार साधारण ३,४०० मीटरांच्या पुढे सुरू होते आणि तेथे जाणारे रस्ते ४,००० मीटरांवरील खिंडी ओलांडतात, जेथे हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या सुमारे साठ टक्के एवढाच असतो. सह्याद्रीत वर्षानुवर्षे भटकलेल्या माणसाची दमछाक सोसण्याची सवय येथे फारशी उपयोगी पडत नाही, कारण विरळ हवेचा त्रास स्नायूंच्या बळावर अवलंबून नसतो आणि धडधाकट तरुणालाही डोकेदुखी, मळमळ व निद्रानाश होऊ शकतो. म्हणून पहिला दिवस साल्ता शहरात, दुसरा काफायातेला, तिसरा काचीला, त्यानंतर उमावाकाच्या घळीत एक-दोन मुक्काम आणि सर्वांत शेवटी मिठागरे व पुना असा चढता क्रम ठेवावा. आयोजकाकडे जागा शिल्लक आहे एवढ्याच कारणाने दुसऱ्याच दिवशी ४,००० मीटरांवर जाणे टाळावे.

साल्ता शहर १५८२ मध्ये एर्नांदो दे लेर्मा याने वसवले आणि ते सुमारे १,१५० मीटर उंचीवर आहे. मुख्य चौकाभोवती कमानीदार ओसऱ्या, कॅथेड्रल आणि काबिल्दो, म्हणजे वसाहतकाळातील नगरपरिषदेची इमारत, ही अर्ध्या दिवसात पायी पाहून होतात. उरलेला वेळ त्याच चौकातील उच्च पर्वतीय पुरातत्त्व संग्रहालयाला द्यावा. युयायाको या ६,७०० मीटरांहून उंच ज्वालामुखीच्या माथ्यावर १९९९ मध्ये इंका काळात बळी दिलेल्या तीन मुलांचे देह गोठलेल्या, अत्यंत सुस्थितीत सापडले. ते येथे थंड पेटीत जतन केलेले असून एका वेळी एकच देह प्रदर्शनात असतो. मुलांचे मृतदेह असे मांडावेत का, हा वाद तेथील मूलनिवासी समाजांनी उपस्थित केलेला आहे आणि तो रास्त आहे. तथापि इंकांच्या दृष्टीने शिखर म्हणजे काय होते हे या संग्रहालयाइतके स्पष्टपणे दुसरीकडे क्वचितच उमगते.

काफायातेची सहल येण्याजाण्याची मिळून सुमारे ३८० किलोमीटरांची असली तरी रस्ता पूर्ण डांबरी आहे. तिचे खरे आकर्षण म्हणजे वाटेतील ‘केब्रादा दे लास कोंचास’ ही घळ होय. केब्रादा म्हणजे नदीने कोरून काढलेली अरुंद दरी. येथील वालुकाश्म लोहाच्या ऑक्साइडमुळे तांबडे झालेले आहेत, आणि ‘सैतानाचा घसा’ व ‘अँफिथिएटर’ या नावांच्या दोन उभ्या कपारी रस्त्यालगतच आहेत. दुसरीत आवाज असा घुमतो की स्थानिक वादक तेथे गिटार घेऊन बसलेले आढळतात. तांबडा खडक उतरत्या उन्हात सर्वांत खुलतो, त्यामुळे जाताना थेट काफायाते गाठून परतीच्या वाटेवर घळीत थांबणारी सहल निवडावी. गावात तोरोंतेस या सुगंधी पांढऱ्या द्राक्षाच्या वाइनची चव देणाऱ्या वायनरी आहेत. ज्यांना त्यात रस नाही त्यांनी तो वेळ घळीत चालण्यासाठी मिळेल का, हे आधीच विचारून घ्यावे, कारण काही सहली वायनरीतच दोन तास घालवतात.

काचीच्या वाटेवर ‘कुएस्ता देल ओबिस्पो’ हा घाट लागतो. वळणावळणांनी चढत तो ३,३०० मीटरांहून उंच खिंडीत पोहोचतो, आणि घाटाच्या एका बाजूला ओलसर हिरवे डोंगर तर दुसऱ्या बाजूला एकदम कोरडे पठार असा पालट तेथे घडतो, कारण पूर्वेकडून येणारी बाष्पयुक्त हवा डोंगर चढताना आपले पाणी गाळून टाकते आणि पलीकडे कोरडी होऊन उतरते. घाटमाथ्याच्या पूर्वेला माणदेश कोरडा का, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हे गणित नवे वाटणार नाही, दिशा मात्र येथे उलटी आहे. खिंडीपलीकडे १९९६ मध्ये स्थापन झालेले लोस कार्दोनेस राष्ट्रीय उद्यान आहे. कार्दोन हा खांबासारखा उंच, अतिशय सावकाश वाढणारा निवडुंग असून त्याच्या आतील सच्छिद्र लाकडाचे दरवाजे, छते आणि चर्चमधील सामानही पूर्वी बनवले जाई, ज्याचा नमुना काचीच्या चर्चमध्ये पाहता येतो. उद्यानातून जाणारा तिन-तिन नावाचा सरळसोट रस्ता जुन्या इंका मार्गाला धरून आहे.

काचीपासून काफायातेपर्यंत राष्ट्रीय मार्ग ४० ने सुमारे १६० किलोमीटर अंतर असून त्याचा बराचसा भाग खडीचा आणि कच्चा आहे. मोलिनोस, आंगास्ताको आणि बाणांच्या टोकांसारख्या तिरप्या खडकांची ‘केब्रादा दे लास फ्लेचास’ या वाटेवर लागतात. काची व काफायाते या दोन वेगळ्या सहली करून दोनदा साल्त्याला परतण्यापेक्षा काची किंवा मोलिनोस येथे एक रात्र राहून हे वर्तुळ दोन दिवसांत पूर्ण करणे सर्व दृष्टींनी श्रेयस्कर आहे. हेच वर्तुळ एका दिवसात पुरे करण्याचा आग्रह धरू नये. त्यात केवळ धूळ पदरी पडते.

उमावाकाची घळ हा या प्रदेशाचा गाभा आहे. ग्रांदे नदीच्या काठाने सुमारे १५५ किलोमीटर उत्तर-दक्षिण पसरलेली ही दरी पुना आणि सखल प्रदेश यांना जोडणारा मार्ग म्हणून हजारो वर्षे वापरात आहे. शिकारी टोळ्या, लामा प्राण्यांचे तांडे, इंकांचे रस्ते, पोतोसीच्या चांदीच्या खाणींकडे जाणारी खेचरे आणि स्वातंत्र्ययुद्धातील सैन्ये या सगळ्यांनी ती तुडवली, आणि या अखंड वापरामुळेच २००३ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारसा यादीत स्थान दिले. साल्त्याहून एका दिवसात या घळीच्या वरच्या टोकाला जाऊन परत येणे म्हणजे जवळपास ५०० किलोमीटरांचा प्रवास होतो आणि प्रत्येक गावाच्या वाट्याला अर्धा-पाऊण तासच येतो. त्याशिवाय उन्हाची अडचण असते: पुर्मामार्का गावामागील ‘सात रंगांचा डोंगर’ सकाळच्या उन्हात उजळतो, तर ओर्नोकालची रंगीत डोंगररांग दुपार कलल्यावर. साल्त्याहून आलेली बस पहिल्या ठिकाणी उशिरा पोहोचते आणि दुसरीकडून लवकर निघते, किंवा तेथे जातच नाही. यावर उपाय एकच, आणि तो म्हणजे मुक्काम हलवणे. पुर्मामार्का किंवा तिल्कारा येथे दोन रात्री राहिल्यास अंतरे एकदम लहान होतात, स्थानिक बस मिळतात आणि सुमारे २,३०० ते २,५०० मीटरांवर झोपल्यामुळे पुढील उंचीची सवयही होते.

पुर्मामार्काला पहाटे उठून समोरच्या टेकडीवरील दर्शनबिंदू गाठावा आणि नंतर सात रंगांच्या डोंगराला वळसा घालणारी, लोस कोलोरादोस नावाची सुमारे तीन किलोमीटरांची सोपी पायवाट चालावी. वेगवेगळ्या भूयुगांत साचलेले थर पर्वतनिर्मितीच्या रेट्याने वाकून, तुटून एकमेकांशेजारी आले, म्हणून एवढ्याशा डोंगरात इतके रंग दिसतात. तिल्कारा येथील पुकारा, म्हणजे टेकडीवरील तटबंद वस्ती, इंकांच्याही आधीची आहे. १९०८ पासून पुरातत्त्वज्ञ आंब्रोसेत्ती आणि त्यांचे शिष्य देबेनेदेत्ती यांनी तेथे उत्खनन केले व पुढे काही घरांची पुनर्बांधणी झाली. माथ्यावरचा छाटलेल्या पिरॅमिडसारखा चौथरा मात्र प्राचीन नसून या पुरातत्त्वज्ञांच्या स्मरणार्थ १९३० च्या दशकात उभारलेला आहे. तो या संस्कृतीचा मुळीच नव्हे, तरी छायाचित्रे सर्वांत जास्त त्याचीच काढली जातात. उकिया या लहानशा गावातील १६९१ च्या चर्चमध्ये कुस्को शैलीतील देवदूतांची चित्रे आहेत, ज्यांत देवदूतांनी सरदारी पोशाख घालून हातात बंदुका धरल्या आहेत. सहलीत या थांब्याचा समावेश नसल्यास तो आग्रहाने मागावा.

ओर्नोकाल उमावाका गावापासून सुमारे २५ किलोमीटरांवर आहे, पण दर्शनबिंदू ४,३५० मीटरांच्या आसपास असल्याने ते अंतर फसवे आहे. उमावाकाहून स्थानिक चालकांच्या गाड्या मिळतात. नागमोडी, त्रिकोणी पट्ट्यांची चुनखडकांची रांग अधिक जवळून पाहण्यासाठी लोक उतारावरून खाली चालत जातात. खाली जाताना काहीच जाणवत नाही, परंतु तोच चढ परत चढताना दर वीस पावलांवर थांबावे लागते, हे ध्यानात ठेवूनच पुढे जावे.

पुर्मामार्काहून पश्चिमेला लिपानचा घाट ४,१७० मीटरांपर्यंत चढून पलीकडे सालिनास ग्रांदेस या मिठागरात उतरतो. बाहेर वाट नसलेल्या खोलगट भागात साचलेले खनिजयुक्त पाणी आटत जाऊन हा पांढरा थर तयार झाला आहे. पावसाळ्यानंतर त्यावर पाण्याचा पातळ आरसा उभा राहतो, कोरड्या ऋतूत बहुकोनी भेगा दिसतात. येथे स्थानिक समाजांचे वाटाडे ठरावीक शुल्क घेऊन पर्यटकांना आत नेतात आणि हे शुल्क आनंदाने द्यावे, कारण याच मिठाखाली लिथियम असून त्याच्या उत्खननाने आपले दुर्मीळ पाणी संपेल या भीतीने हे समाज दीर्घकाळ लढत आहेत. बाहेरच्यांनी आपल्याशी सल्लामसलत कशी करावी याचा ‘काची युपी’ नावाचा मसुदा त्यांनी २०१५ मध्ये तयार केला. काळा चष्मा येथे चैन नव्हे, गरज आहे.

‘ढगांची आगगाडी’ या गाजलेल्या सहलीविषयी अपेक्षा बेताची ठेवावी. १९४८ मध्ये पूर्ण झालेल्या या लोहमार्गाची खरी करामत खालच्या दरीत आहे, जेथे रिचर्ड मॉरी या अभियंत्याने दातेरी रुळांऐवजी वळसे आणि झिगझॅग वापरून चढ जिंकला. बोरघाटातील जुन्या रिव्हर्सिंग स्टेशनची युक्ती तीच होती. आता मात्र प्रवाशांना बसने ३,७७५ मीटरांवरील सान आंतोनियो दे लोस कोब्रेस येथे नेऊन तेथून ४,२२० मीटरांवरील पोल्व्होरिया पुलापर्यंतच गाडीत बसवतात. पूल भव्य आहे, परंतु रेल्वेचे वेड नसल्यास हा दिवस व पैसा घळीतील आणखी एका मुक्कामावर खर्चावा. पायी चालणाऱ्यांसाठी तर इरुया हे कड्याला चिकटलेले गाव अधिक मोलाचे आहे. उमावाकाहून बसने सुमारे तीन तास लागतात, वाटेतील खिंड ४,००० मीटरांची आहे, आणि तेथून नदीच्या पात्रातून सान इसिद्रो या वस्तीपर्यंत चालत जाता येते, अर्थात पाणी कमी असतानाच.

दक्षिण गोलार्धातील ऋतू उलटे असल्याने डिसेंबर ते मार्च हा तेथील पावसाळा असतो. या काळात चिखलाचे लोंढे रस्ते तोडतात, जसे जानेवारी २०१७ मध्ये हुहुईतील व्होल्कान गावात झाले. एप्रिल-मे आणि सप्टेंबर-नोव्हेंबर हे महिने उत्तम, आणि योगायोगाने महाराष्ट्रातील उन्हाळी व दिवाळीच्या सुट्या त्यांतच येतात. जून-जुलैत आकाश निरभ्र असते, पण रात्री पारा शून्याखाली जातो.

शाकाहारींनी विशेष चौकशी करावी. चीज भरलेली एंपानादा, म्हणजे करंजीच्या आकाराचा भाजलेला पदार्थ, वरवर शाकाहारी दिसत असली तरी तिच्या पारीत पारंपरिक पद्धतीने गाईची चरबी घालतात. मक्याच्या पानात शिजवलेल्या उमितातही ती असू शकते. किनोआ आणि तऱ्हेतऱ्हेचे डोंगरी बटाटे यांवर निर्धास्त राहता येते.

विरळ हवेवर उपाय म्हणून स्थानिक लोक कोकाची पाने गालात धरतात किंवा त्यांचा काढा पितात, आणि अर्जेंटिनाच्या कायद्याने त्यास मुभा आहे; भारतात मात्र १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्याखाली कोकाचे पान निषिद्ध असल्याने परतताना सामानात एकही पान किंवा त्याच्या चहाची पुडी राहू देऊ नये. उंचीच्या त्रासावरील औषधे डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत. बुएनोस आइरेसला आंतरराष्ट्रीय विमाने मुख्यतः एसेइसा येथे उतरतात आणि साल्त्याची बरीच विमाने शहरातील आएरोपार्के येथून सुटतात, तेव्हा मधे भरपूर वेळ ठेवावा. पीतज्वराचा धोका असलेल्या देशांच्या भारताच्या यादीत अर्जेंटिनाचा समावेश आहे. लस अधिकृत केंद्रात निघण्यापूर्वी किमान दहा दिवस घेऊन प्रमाणपत्र पारपत्रासोबत ठेवावे, अन्यथा परतल्यावर विमानतळावरून थेट विलगीकरणात जाण्याची वेळ येते.