चक्कर आणि डोकेदुखी : अंतर्कर्णाशी जडलेले एक दुर्लक्षित नाते

शरीराचा तोल शाबूत असतो, तोवर त्याची कोणाला आठवणही होत नाही. तो बिघडला म्हणजे मात्र अंथरुणातून उठणे, विहिरीवरून पाणी आणणे किंवा वर्गात फळ्यासमोर उभे राहणे, ही साधी कामेही अवघड होऊन बसतात. ‘चक्कर येते’ या दोन शब्दांत आपण अनेक निरनिराळ्या तक्रारी सामावून घेतो. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येणे, चालताना तोल जाणे आणि आपण स्वतः किंवा भोवतालच्या वस्तू गरगर फिरत असल्याचा भास होणे, या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या आहेत. यांतील तिसऱ्या प्रकाराचे मूळ बहुधा अंतर्कर्णात किंवा त्याच्याशी जोडलेल्या मेंदूच्या भागात असते.

तोल राखणारी यंत्रणा

कान हे केवळ ऐकण्याचे इंद्रिय नव्हे. प्रत्येक अंतर्कर्णात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके कोणत्या दिशेने वळले याची नोंद त्या घेतात. त्यांच्याजवळच्या दोन लहान पिशव्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण असतात. सरळ रेषेतील गती आणि डोक्याचा कल त्यांच्यामुळे कळतो. डोळे, स्नायू आणि सांधे यांच्याकडून येणाऱ्या संदेशांशी या माहितीचा मेळ घालून मेंदू शरीर सावरतो. हा मेळ बिघडला की चक्कर, मळमळ व उलटी सुरू होते.

चक्कर येण्याचे कारण मेंदूत झालेला रक्तसंचय हेच असते, अशी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वैद्यकाची समजूत होती. १८६१ साली पॅरिस येथील डॉक्टर प्रॉस्पेर मेनिएर यांनी अंतर्कर्णाच्या विकारानेही चक्कर येते, हे दाखवून दिले. चकरेच्या काही रुग्णांना अर्धशिशीही असते, हे त्यांच्या नजरेतून सुटले नव्हते. पुढे तोल राखणाऱ्या या यंत्रणेवरील संशोधनाबद्दल रॉबर्ट बारानी यांना १९१४ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

दोन तक्रारी, एक विकार

अर्धशिशी म्हणजे केवळ अर्धे डोके दुखणे नव्हे. तो मेंदूच्या संवेदनशीलतेचा विकार आहे. डोक्यातील वेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंचा आणि तोल सांभाळणाऱ्या केंद्रांचा मेंदूत निकट संबंध असतो. त्यामुळे अर्धशिशीचा झटका चकरेच्या रूपानेही प्रकट होऊ शकतो. त्याची नेमकी प्रक्रिया अद्याप पूर्णपणे उलगडलेली नाही. परंतु २०१२ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी या विकाराच्या निदानाचे निकष निश्चित केले. त्यांनुसार चकरेचे किमान पाच झटके यावे लागतात व प्रत्येक झटका ५ मिनिटे ते ७२ तास टिकतो. रुग्णाला अर्धशिशी असावी लागते किंवा पूर्वी होऊन गेलेली असावी लागते. शिवाय निदान निम्म्या झटक्यांत ठणकणारी डोकेदुखी, प्रकाश व आवाज असह्य होणे किंवा डोळ्यांपुढे नागमोडी चमक दिसणे, अशी अर्धशिशीची लक्षणे आढळावी लागतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. चक्कर आणि डोकेदुखी एकाच वेळी येतीलच असे नाही. तरुणपणी अर्धशिशीने त्रासलेल्या स्त्रीची डोकेदुखी पाळी जाण्याच्या वयात ओसरते आणि तिची जागा चक्कर घेते, असेही घडते. अशा वेळी जुन्या डोकेदुखीचा उल्लेख रुग्ण करीत नाही, विचारणाराही विचारीत नाही आणि सारा दोष मानेच्या मणक्यावर, रक्तदाबावर किंवा पित्तावर टाकला जातो. वर्षे निघून जातात आणि योग्य उपचार मात्र होत नाहीत. म्हणून चक्कर येणाऱ्यास डोकेदुखीबद्दल आणि डोके दुखणाऱ्यास चकरेबद्दल विचारणे, ही निदानाची पहिली पायरी होय.

इतर विकारांपासून फरक

कुशीवर वळताना किंवा मान वर करताना काही सेकंदच येणारी चक्कर बहुधा अंतर्कर्णातील कण सुटून नलिकेत शिरल्यामुळे येते. डोके ठराविक क्रमाने वळवून हे कण जागेवर आणण्याची पद्धत उपलब्ध असून ती जाणकार डॉक्टरांकडूनच करून घ्यावी. चकरेबरोबर एका कानाने कमी ऐकू येणे, कानात नाद होणे व दडा बसणे ही लक्षणे असल्यास मेनिएरच्या विकाराची शंका घ्यावी लागते.

उपचार व दक्षता

वेळेवर झोप व जेवण, पुरेसे पाणी आणि नियमित व्यायाम यांनी झटके कमी होण्यास मदत होते. ज्यांना उपाशी राहिल्याने, जागरणाने किंवा प्रखर उन्हाने त्रास होतो, त्यांनी कडक उपवास व भर दुपारचा प्रवास टाळावा. झटक्याचा दिवस, वेळ, कालावधी व त्याआधीचे खाणे-झोपणे वहीत टिपून ठेवल्यास डॉक्टरांना मोठे साहाय्य होते. झटके वारंवार येत असल्यास प्रतिबंधक औषधे देता येतात. चक्कर थांबविणाऱ्या गोळ्या मात्र महिनोन्‌महिने घेऊ नयेत. त्यांमुळे तोल सावरून घेण्याची मेंदूची नैसर्गिक क्षमता मंदावते. वेदनाशामक गोळ्यांच्या अतिवापरानेही डोकेदुखी जडते.

चकरेसोबत बोलणे अडखळणे, एकाचे दोन दिसणे, हातापायांतील शक्ती जाणे, उभेही राहता न येणे किंवा अकस्मात तीव्र डोकेदुखी सुरू होणे, ही पक्षाघाताची किंवा मेंदूतील रक्तस्रावाची चिन्हे असू शकतात. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. एकाएकी बहिरेपणा आल्यासही त्वरित कानाच्या डॉक्टरांकडे जावे.

लहान मुलांनाही काही मिनिटे टिकणारी चक्कर वरचेवर येऊ शकते व त्यांपैकी काहींना पुढे अर्धशिशी होते. खेळता खेळता घाबरून एखाद्या वस्तूला घट्ट धरणाऱ्या मुलास शिक्षकांनी ढोंगी ठरवू नये, पालकांना कळवावे. झटके येणाऱ्या कर्मचाऱ्यास शिडीवर चढणे, वाहन चालविणे किंवा यंत्रावर काम करणे अशी कामे सोपवू नयेत, याची काळजी कार्यालयप्रमुखांनी घ्यावी. वारंवार घेरी येणाऱ्या स्त्रीला अंगात आले किंवा बाहेरची बाधा झाली असे ठरवून मांत्रिकाकडे नेले जात असेल, तर पंचायत सदस्यांनी तिला प्राथमिक आरोग्य केंद्राची वाट दाखवावी. हा विकार दिसत नाही, म्हणून तो नाही असे होत नाही. तो वेळीच ओळखला गेला, तर बहुतेक रुग्णांना आपले नित्याचे जीवन पुन्हा सुरळीत चालविता येते.