चित्राला टेकणारा पुठ्ठा

फ्रेमिंगच्या दुकानात गिऱ्हाईक येतं ते पट्टी निवडायला. सागाची घ्यावी की सोनेरी, रुंद की बारीक, यावर अख्खं कुटुंब तासभर बोलतं. माउंटचा विषय मात्र रंगावरच संपतो. खरं तर पट्टी चित्राला शिवतही नाही, आणि नीट केलेल्या फ्रेममध्ये काचही शिवत नाही. चित्राच्या अंगाला वर्षानुवर्षं टेकून राहतो तो माउंटचा पुठ्ठा. या कामात राहून मला जे पक्कं कळलं, ते बहुतेक सगळं या पुठ्ठ्याबद्दलच आहे.

१. जुनी फ्रेम उघडली की आधी खिडकीची कड बघावी

माउंटच्या मधोमध कापलेल्या चौकटीला आम्ही खिडकी म्हणतो. तिचा काप ४५ अंशांत तिरका असतो, त्यामुळे पुठ्ठ्याचा आतला गाभा उघडा दिसतो. साध्या पुठ्ठ्यात हा काप काही वर्षांत पिवळा आणि मग विटकरी होतो. चित्र बाहेर काढलं की कागदावर त्याच मापाची तपकिरी रेघ चारी बाजूंनी उमटलेली असते. गिऱ्हाइकाला ती धूळ वाटते. पण ती पुसून जात नाही, कारण पुठ्ठ्यातल्या आम्लाने त्या जागी कागदच भाजलेला असतो.

हे आम्ल येतं लाकडातून. स्वस्त पुठ्ठ्याचा गाभा लाकूड नुसतं दळून केलेल्या लगद्याचा असतो. जर्मनीत फ्रीडरिख गॉटलोब केलर यांनी १८४०च्या दशकात ही दळण्याची युक्ती काढली आणि कागद स्वस्त झाला. पण लाकडातलं लिग्निन लगद्यात तसंच राहिलं. उजेड आणि हवा लागली की लिग्निन पिवळं पडतं, त्यातून आम्लं तयार होतात, आणि ती सेल्युलोजच्या लांब साखळ्या तोडत जातात. त्याआधीचा कागद चिंध्यांचा किंवा तागासारख्या धाग्यांचा असे. म्हणूनच पेशवे दफ्तरातले मोडी रुमाल आजही उलगडून वाचता येतात, आणि आजोबांनी जपलेलं वर्तमानपत्राचं कात्रण घडी उघडतानाच तुटतं. वय कात्रणाचं कमी आहे. फरक कच्च्या मालाचा आहे.

२. ‘अ‍ॅसिड-फ्री’ एवढं ऐकून थांबू नये

हा शब्द खोटा नसतो, पण अर्धाच असतो. दळलेल्या लाकडाच्या लगद्यात पुरेसा चुना-खडू घातला की कारखान्यातून निघताना तो पुठ्ठा आम्लरहितच भरतो. लिग्निन मात्र आत शिल्लक असतं आणि ते पुढे आम्ल तयार करत राहतं. खडू संपला की पुठ्ठा पुन्हा आम्लधर्मी होतो. काही पुठ्ठ्यांत तर फक्त वरचा आणि खालचा कागद आम्लरहित असतो आणि मधला गाभा जुन्याच जातीचा. आणि नेमका तोच गाभा तिरक्या कापात उघडा पडून चित्राच्या सर्वांत जवळ येतो.

म्हणून मी विक्रेत्याला तीन गोष्टी विचारते. गाभ्यापासून वरच्या कागदापर्यंत सगळं लिग्निनमुक्त आहे का? बफर, म्हणजे पुढे येणारं आम्ल मारण्यासाठीचा कॅल्शियम कार्बोनेटचा राखीव साठा, आहे का? आणि हे कंपनीच्या कागदावर लेखी आहे का? तुलनेला एक माप हाताशी असावं. टिकाऊ कागदासाठीचं आयएसओ ९७०६ हे मानक पीएच ७.५ ते १० मागतं आणि किमान २ टक्के कॅल्शियम कार्बोनेटइतका साठा मागतं. ते मानक कागदाचं आहे, माउंटबोर्डाचं नव्हे, पण विक्रेत्याने दाखवलेल्या आकड्यांकडे कसं बघायचं हे त्यावरून समजतं.

पीएच तपासायचं पेन मिळतं. त्याची रेघ आम्लधर्मी पुठ्ठ्यावर पिवळी राहते आणि आम्ल नसेल तर जांभळी होते. ती रेघ कायमची असते, म्हणून ती कापून उरलेल्या तुकड्यावरच ओढायची, आणि तुकडा सोलून गाभ्यावरही ओढायची. तरीही पेन फक्त आजचं आम्ल दाखवतं. लिग्निन दाखवत नाही. त्यासाठी माझी साधी पद्धत अशी: पुठ्ठ्याची पट्टी अर्धी झाकून ऊन येणाऱ्या खिडकीत ठेवायची आणि उन्हाळाभर तिथेच राहू द्यायची. झाकलेला आणि उघडा भाग शेजारी धरले की पुष्कळ कळतं.

३. पायऱ्या माहीत असाव्यात

ब्रिटनमधल्या फाइन आर्ट ट्रेड गिल्ड या व्यावसायिकांच्या संघटनेने फ्रेमिंगच्या पाच पायऱ्या ठरवल्या आहेत: म्युझियम, कॉन्झर्वेशन, कमेंडेड, बजेट आणि मिनिमम. पुठ्ठ्याच्याही अशाच पायऱ्या आहेत. सर्वांत वर कापसाच्या धाग्यांचा बोर्ड. कापसात लिग्निन जवळजवळ नसतंच. त्याखाली कॉन्झर्वेशन बोर्ड. हा लाकडापासूनच करतात, पण रासायनिक प्रक्रियेने लिग्निन काढून टाकलेल्या शुद्ध अल्फा-सेल्युलोजचा. त्याच्याही खाली पांढऱ्या गाभ्याचा साधा बोर्ड.

‘लाकडाचा म्हणजे वाईट’ असं धरून बसणाऱ्यांनी मधली पायरी नीट समजून घ्यावी. शुद्ध केलेला लगदा उत्तम काम करतो. उलट पांढऱ्या गाभ्याच्या बोर्डाबद्दल सावध राहावं. त्याचा काप बराच काळ पांढरा दिसतो, आणि त्या पांढरेपणावरून तो कॉन्झर्वेशनचा म्हणून खपवला जातो.

४. फोटो आणि रेशीम यांचे नियम वेगळे

कागदाला जे मानवतं ते फोटोला मानवेलच असं नाही. कृष्णधवल फोटोत चांदीचे अतिसूक्ष्म कण जिलेटिनच्या थरात बसलेले असतात. पुठ्ठ्यातले, गोंदातले, रंगातले काही पदार्थ आम्लधर्मी नसूनही त्या चांदीला किंवा जिलेटिनला डागाळतात. म्हणून फोटोंसाठी स्वतंत्र परीक्षा आहे: फोटोग्राफिक अ‍ॅक्टिव्हिटी टेस्ट, आयएसओ १८९१६. पुठ्ठ्याचा नमुना संवेदनशील फिल्म आणि फोटोपेपर यांना लावून ७० अंश सेल्सियस आणि ८६ टक्के आर्द्रतेत १५ दिवस ठेवतात, आणि चांदी फिकी पडली का, जिलेटिन पिवळं झालं का, ते मोजतात. आजी-आजोबांच्या लग्नाचा एकमेव फोटो असेल, तर या परीक्षेत उतरलेलाच पुठ्ठा मागा. ‘पॅट पास’ एवढं म्हटलं तरी जाणकार दुकानदाराला कळतं.

बफरचंही तसंच. कागदावरच्या जलरंगांना तो हितकारक आहे. पण सायनोटाइपसारख्या निळ्या छापांना अल्कलीने फिकेपणा येतो, आणि रेशीम व लोकर हे प्रथिनांचे धागे असल्याने त्यांनाही अल्कली सोसत नाही. आपल्याकडे याचा संबंध रोजचा आहे. जुनी मानपत्रं कित्येकदा रेशमी कापडावर छापलेली असतात. पैठणीचा पदर फ्रेम करून घेणारेही पुष्कळ येतात. अशा वेळी बफर नसलेला कापसाचा बोर्ड लागतो. ‘सर्वांत महाग तोच द्या’ या हुकमाने इथे भागत नाही.

५. गडद रंगाचा माउंट पावसाळ्यात ओळखावा

लाल आणि काळ्या रंगाचे साधे पुठ्ठे दमट हवेत रंग सोडतात. पाण्याचा थेंब टाकून पांढऱ्या टिपकागदाने दाबून बघावं. कागदाला रंग लागला तर तो पुठ्ठा जलरंगाच्या आसपासही नको.

६. पुढे उत्तम पुठ्ठा आणि मागे फळी, हा व्यवहार फुकट जातो

राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली लक्ष्मी, सरस्वती, दत्तात्रेय महाराष्ट्रातल्या घराघरांत लागले. त्या काळच्या फ्रेमना पाठीमागे पातळ लाकडी फळ्या ठोकत. आज असं चित्र उघडलं की कागदाच्या पाठीवर त्या फळ्यांचा नकाशाच दिसतो: जिथे गाठ होती तिथे गडद गोल, जिथे दोन फळ्यांमध्ये फट होती तिथे सरळ करडी रेघ. कधी ती रेघ देवीच्या चेहऱ्यावर पुढून दिसू लागते. अशी रेघ मी पाहते तेव्हा मला खरंच वाईट वाटतं, कारण मध्ये एक शुद्ध पुठ्ठा सरकवला असता तर एवढं झालं नसतं.

आता फळीची जागा प्लायवूड, हार्डबोर्ड आणि एमडीएफने घेतली आहे. त्यांतूनही आम्लांची वाफ निघत राहते. म्हणून चित्राच्या पाठीशी माउंटच्याच दर्जाचा पुठ्ठा हवा, आणि हार्डबोर्ड लावायचाच असेल तर त्याच्याआधी पॉलिएस्टर फिल्मचा पडदा. पीव्हीसीच्या सनबोर्डावर फोटो चिकटवून देण्याची पद्धत फार पसरली आहे. प्रदर्शनाच्या फलकाला ती ठीक आहे, जपायच्या वस्तूला नाही. पाठीला हलकं काही हवं असेल तर पॉलिप्रॉपिलीनचा पन्हळी पत्रा बरा. पट्टी लाकडाची असते, तेव्हा तिच्या आतल्या खाचेलाही पातळ धातूची टेप लावून घेते.

७. जे पाण्याने सुटत नाही, ते मूळ चित्राला लावायचं नाही

या कामातला सर्वांत कडक नियम मी हाच मानते. उत्तम पुठ्ठा आणला आणि त्यावर चित्र पांढऱ्या गोंदाने सपाट चिकटवलं, तर पुठ्ठ्याची सगळी किंमत वाया गेली. सेलोटेपचं तेलकट पिवळेपण तर कागदात आरपार उतरतं.

चित्राला वरच्या कडेला पाठीमागून जपानी कागदाच्या दोन लहान बिजागऱ्या लावायच्या आणि ते नुसतं लोंबतं ठेवायचं. खाली आणि बाजूंना काही नाही. श्रावणात कागद ओलावा पिऊन थोडा वाढतो, मार्गशीर्षात आक्रसतो. चारी बाजूंनी जखडला तर त्याला लाटा येतात आणि कधी तो फाटतो. बिजागरीचा कागद चित्राच्या कागदापेक्षा अशक्त हवा, म्हणजे फ्रेम पडलीच तर फाटेल ती बिजागरी.

खळ गव्हाच्या स्टार्चची. कुरडईसाठी गहू भिजवून जो चीक काढतात, त्याच जातीचा पदार्थ, अधिक शुद्ध केलेला. मैद्याची खळ नको, कारण त्यातलं ग्लुटेन पुढे त्रास देतं. बाइंडिंगवाले कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. त्यांच्या कामाला ते चालत आलं असेल, पण तांबं कागदाचा नाश लवकर करतं. चित्राच्या खळीत त्याला जागा नाही. फोटोला खळही नको. चार कोपऱ्यांना कागदी किंवा पॉलिएस्टरचे कोपरे पुरतात.

८. माउंट दिसायला नसतो, अंतर ठेवायला असतो

नेहमीचा बोर्ड सुमारे १.४ मिलिमीटर जाड असतो. तेवढ्यानेच काच चित्रापासून दूर राहते. मुंबई-कोकणातल्या जुलैत काचेच्या आत ओल धरते, आणि माउंट नसलेल्या फोटोचं जिलेटिन काचेला चिकटून बसतं. असा चिकटलेला फोटो घरी ओढून काढू नका, पाणीही लावू नका. काचेसकट त्याचा नीट फोटो काढून ठेवा आणि कागद-संवर्धकाकडे न्या. माउंट नकोच असेल तर काचेच्या कडेला आतून स्पेसर लावून घ्या.

९. सगळ्यालाच म्युझियमचा पुठ्ठा लागत नाही

गिऱ्हाइकाच्या खिशाची काळजीही फ्रेमवाल्यानेच करायची असते. बाजारात पुन्हा मिळणारं पोस्टर, मुलाच्या पदवीची रंगीत झेरॉक्स, पुढच्या वर्षी बदलायचं दुकानातलं चित्र यांना साधा बोर्ड द्यावा आणि तसं सांगून द्यावं. मूळ जलरंग, पिंगुळीची जुनी चित्रकथी, हस्ताक्षर, एकुलता एक फोटो यांना मात्र कॉन्झर्वेशनच्या खाली उतरू नये. पैसे कमी पडत असतील तर पट्टी साधी घ्यावी. ३२ बाय ४० इंचाच्या एका बोर्डातून १६ बाय २० चे चार तुकडे निघतात. त्यातला एक आणि पाठीचा एक, एवढाच खर्च एका चित्राच्या वाट्याला येतो, आणि तो नक्षीच्या पट्टीपुढे सहसा लहानच असतो. दुकानदार हा खर्च फुगवून सांगत असेल तर बोर्डाच्या पूर्ण तावाची किंमत विचारावी.

आणि पुठ्ठा कितीही चांगला असला तरी समोरच्या उन्हाला तो काही करू शकत नाही. कागदावरच्या कामांना वस्तुसंग्रहालयं साधारण ५० लक्स एवढाच उजेड देतात. घरात तेवढं जमत नाही, पण पश्चिमेच्या खिडकीसमोरची भिंत टाळणं जमतं. पावसाचा मारा सोसणारी बाहेरची भिंतही टाळावी. नाहीच टळली तर फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बूच लावून भिंतीपासून हवेला वाट ठेवावी.

१०. काय वापरलं ते पाठीवर लिहिलेलं असावं

बंद फ्रेममध्ये कोणता पुठ्ठा आहे हे बाहेरून कुणालाही सांगता येत नाही, आणि बहुतेक फसवणूक याच आडोशाला होते. म्हणून प्रत्येक फ्रेमच्या पाठीवर मी लेबल लावते: बोर्डाचं नाव आणि दर्जा, बफर आहे की नाही, चित्र कशाने धरलं आहे, खळ कसली, काच कोणती, महिना आणि साल. तेच सगळं बिलावरही. भिंतीकडची बाजू कोण वाचणार, असं काही जण विचारतात. वीस-तीस वर्षांनी ती फ्रेम जो उघडेल तो वाचेल. बिजागऱ्या कुठे आहेत आणि त्या पाण्याने सुटतात हे त्याला आधीच कळलं, तर तो चित्राच्या कडेला पातं लावणार नाही. लेबल सर्वांत बाहेरच्या पाठीवर असावं. आतल्या पुठ्ठ्यावर काही टिपायचं असेल तर ते पेन्सिलने लिहावं, कारण शाई दमट हवेत पसरते.