स्विमिंग पूल गळतोय? रिकामा करण्याआधी बादली आणा

माझ्या मोठ्या दिरांच्या कामशेतजवळच्या बंगल्यात तीस बाय पंधरा फुटांचा पूल आहे. एप्रिलमध्ये दर आठवड्याला दहा हजार लिटरचा टँकर मागवायची वेळ आली. पाहायला आलेल्या कंत्राटदाराने पाण्यात हातही न घालता सांगितलं, "पूल रिकामा करा, टाइल्स उखडून सगळं वॉटरप्रूफिंग नव्याने. साडेतीन लाख." शेवटी काम पाच हजारांच्या आत झालं. फरक पडला तो आधी गळती शोधल्यामुळे.

सगळ्यात आधी पूल खरंच गळतोय का, ते बघा. देशावर एप्रिल-मेच्या उन्हात रोज पाऊण ते एक सेंटिमीटर पाणी नुसतं वाफ होऊन जातं. वाफ आणि गळती वेगळी काढण्यासाठी प्लास्टिकची बादली घ्या, तळाशी दगड ठेवा आणि ती पुलाच्या पायरीवर उभी करा. आतलं पाणी बाहेरच्या पातळीइतकं भरा आणि दोन्हीकडे काळ्या इन्सुलेशन टेपने खूण करा. चोवीस तासांनी मोजा. एक दिवस पंप नेहमीसारखा चालवून आणि एक दिवस पूर्ण बंद ठेवून, असं दोनदा करा. या काळात कुणी पोहायचं नाही. पाणी आपोआप भरणारा बॉलकॉक असेल तर तो बंद करायला विसरू नका. वर्षानुवर्षं गळती झाकून ठेवणारा तोच असतो.

आमच्याकडे बादलीत आठ मिलिमीटर उतरलं. पुलात पंप चालू असताना बत्तीस, बंद असताना बारा. म्हणजे वाफ वजा जाता रोजची गळती पंप चालू असताना चोवीस मिलिमीटर, बंद असताना चार. एवढ्या मोठ्या पुलात चोवीस मिलिमीटरचे जवळजवळ हजार लिटर होतात.

पंप चालू असताना गळती वाढली, तर फिल्टरपासून पुलाकडे येणाऱ्या दाबाच्या लाइनवर संशय घ्या. पंप बंद असताना वाढली किंवा रिटर्नमधून हवेचे बुडबुडे येत असले, तर पंपाकडे पाणी खेचणारी लाइन बघा. दोन्ही वेळा सारखीच असेल तर टाकी, दिवे, स्किमर. पाणी एका पातळीला येऊन थांबलं, तर त्या रेषेवर काय आहे ते आधी तपासा.

आमचं मोठं भोक मिळालं ते आंब्यामागे. बॅकवॉशचा पाइप तिथे उघडा सोडलेला होता. बंगला सांभाळणाऱ्या मामांनी दाखवलं, ऐन उन्हाळ्यात पाइपाच्या तोंडाखाली हिरवंगार शेवाळ आणि पंप सुरू असताना करंगळीएवढी धार. फिल्टरवरच्या मल्टिपोर्ट व्हॉल्व्हचा गॅस्केट गेला होता. गॅस्केट नऊशे रुपये, मजुरी आठशे.

उरलेल्या चार मिलिमीटरसाठी पंप बंद करून, पाणी निवळू देऊन, सिरिंजने खाण्याचा लाल रंग एकेका सांध्याजवळ हळूच सोडला. दिव्याच्या कडेला रंगाची बारीक दोरी झाली आणि आत ओढली गेली. वायर जाते त्या कॉन्ड्युइटच्या तोंडातून पाणी जात होतं. पाण्याखाली बसणारी एपॉक्सी पुट्टी चारशेची, माणसाची फेरी अडीच हजारांची. दिव्याला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करा. लाइट बारा व्होल्टचा आहे म्हणून हयगय नको, जीव जाऊ शकतो.

या दोन्ही ठिकाणी काही सापडलं नाही, तर लाइनची प्रेशर टेस्ट करून घ्या. आम्ही चौकशी केली तेव्हा आठ ते वीस हजारांचे भाव आले. जमिनीखालचा एक सांधा फुटला असेल तर फरशी फोडून तेवढाच बदलता येतो. टाइल्समधलं ग्राउट झिजलं असेल, तर एपॉक्सी ग्राउटिंगचा भाव आम्हाला चौरस फुटाला ऐंशी ते एकशेवीस रुपये सांगितला. तळ आणि भिंती धरून आमच्या पुलाचं क्षेत्र साडेआठशे चौरस फुटांच्या आसपास, म्हणजे सत्तर हजार ते लाख. त्यावर जीएसटी वेगळा. भावपत्रकात रिकामा पूल पुन्हा भरायचं पाणीही धरा. साडेचार फूट सरासरी खोली धरली तर सुमारे सत्तावन्न हजार लिटर, म्हणजे सहा टँकर.

आणि जून ते ऑक्टोबर पूल रिकामा करू नका, कुणी कितीही घाई केली तरी. मावळात, कोकणात, गोव्यात तेव्हा जमिनीतलं पाणी वर आलेलं असतं. आतलं वजन गेलं की ते पाणी रिकाम्या टाकीला खालून वर ढकलतं, तळाला तडे जातात. फायबरचा पूल तर आख्खा उचलला जाऊ शकतो. पावसाळ्यात बादलीही उघड्यावर ठेवून उपयोग नाही, पावसाचं पाणी हिशेब बिघडवतं. तपासणी मेच्या आत उरकलेली बरी.