सव्वा महिन्यानंतरचं राहून गेलेलं रक्त

गरोदरपणात वाढलेली शुगर बाळंतपणानंतर बहुतेक जणींची उतरते. घरात पेढे वाटले जातात, ग्लुकोमीटर कपाटात जातो आणि पथ्याला कंटाळलेली बाळंतीण डिंकाच्या लाडवाकडे वळते. घोळ होतो तो इथे.

पुण्यातल्या एका शाळेतल्या बाईंचं असंच झालं. पहिल्या खेपेला सव्विसाव्या आठवड्यात त्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून घेऊन दोन तासांनी रक्त दिलं, शुगर निघाली १६२. या चाचणीत १४० किंवा त्यापुढे म्हणजे गरोदरपणातला मधुमेह. उपाशी राहण्याची अट नसलेली ही पद्धत चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्या यांनी आपल्याकडे रुजवली. सरकारी सूचनांनुसार ती पहिल्याच भेटीत करायची, आणि ठीक आली तर २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. “मला तहान नाही, थकवा नाही, काहीच नव्हतं. सासूबाई म्हणायच्या, दोन जिवांची आहेस, पोटभर जेव,” बाई सांगतात.

वारेतली संप्रेरकं आईच्या इन्सुलिनचा जोर कमी करतात. आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, इन्सुलिन जात नाही. मग बाळाचं स्वादुपिंड जादा इन्सुलिन बनवतं आणि बाळ नको तितकं वाढतं. नाळ कापली की साखर थांबते, इन्सुलिन उरतं, बाळाची शुगर घसरते. म्हणून पहिल्या तासाभरातच अंगावर पाजायचं.

बाईंनी पथ्य चोख पाळलं. भात सोडला नाही, वाटीने मोजला. आधी कोशिंबीर-उसळ, मग पोळी, मग शतपावली. डोहाळजेवणाला पुरणपोळीचा एकच घास मोडला आणि पोळीऐवजी नणंदेचे टोमणे खाल्ले! जेवणानंतर दोन तासांचा आकडा १२०च्या आत राहिला, इन्सुलिन लागलं नाही. (लागलं असतं तरी भ्यायचं कारण नव्हतं.)

राहिली ती बाळंतपणानंतरच्या सहाव्या आठवड्याची तपासणी. “लसीला बाळाला नेलं, कार्डावर नोंद करून घेतली, परत आले. माझ्या रक्ताचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.”

दुसऱ्या खेपेला पहिल्याच भेटीत उपाशीपोटीची शुगर १३४. हा मधुमेह पाहुणा नव्हता, केव्हाच मुक्कामाला आला होता. बाळाचे अवयव घडण्याचे आठवडे वाढलेल्या शुगरमध्येच गेले होते. सोनोग्राफीत सगळं ठीक दिसेपर्यंत घरात कुणाला झोप नव्हती.

बाळाच्या लसीच्या दिवशीच आईचीही चाचणी उरकावी. ती पुन्हा ७५ ग्रॅम ग्लुकोजचीच, पण या वेळी उपाशीपोटी. तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणाऱ्या एचबीए१सी चाचणीवर भागवू नये, बाळंतपणात रक्त गेल्यावर तो आकडा फसवतो. चाचणी ठीक आली तरी वर्षातून एकदा करायची, आणि दुसरं मूल हवं असेल तर दिवस जाण्याआधी.