आवाज गेला की आधी वाट तपास

आवाज गेला की रिसीव्हरवर संशय घ्यायचा तो सगळ्यात शेवटी. बाळा, एवढं एक वाक्य तुझ्या डोक्यात पक्कं बसलं तरी माझं निम्मं सांगून झालं. दुरुस्तीच्या टेबलावर येणाऱ्या रिसीव्हरांत खरोखर आतून बिघडलेले थोडे. बाकीच्यांचा दोष घरीच राहिलेला असतो: वायरीत, टीव्हीच्या मेनूत, नाहीतर स्पीकरच्या मागच्या टर्मिनलवर. तो घरी सापडत नाही तो घाईमुळे. माणसं एकाच दमात केबल बदलतात, इनपुट फिरवतात, फॅक्टरी रीसेट मारतात. मग आवाज आला तरी कशानं आला ते कळत नाही, आणि पुन्हा गेला की पहिल्यापासून सुरुवात. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदल. ऐक. फरक पडला नाही तर ती होती तशी कर आणि मगच पुढच्या गोष्टीला हात लाव.

आधी डोळ्यांसमोरचं बघून घे. म्यूट, इनपुट, पुढच्या बाजूचं स्पीकर ए-बीचं बटण, आणि हेडफोनची पिन आत राहिली आहे का. पिन आत असेल तर बहुतेक रिसीव्हर स्पीकर बंदच ठेवतात. हे तपासण्यात कमीपणा नाही, मी आजही इथूनच सुरू करतो.

मग सेटअप मेनूत जाऊन टेस्ट टोन लाव. हा 'शूऽऽ' आवाज रिसीव्हर स्वतःच तयार करतो आणि एकेका स्पीकरला पाळीपाळीनं देतो. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स यांचा त्याच्याशी संबंध नाही. सगळे स्पीकर एकामागून एक बोलले, तर रिसीव्हर, वायरी, स्पीकर तिन्ही धडधाकट, दोष टीव्हीच्या बाजूला. एखादा गप्प राहिला तर दोष त्या स्पीकरच्या बाजूला. एका टोननं निम्मी वाट मोकळी होते.

टोन नीट वाजतोय आणि टीव्हीचा आवाज तेवढा येत नाही, तर एआरसी बघ. 2009 मध्ये एचडीएमआय 1.4 बरोबर ही सोय आली: ज्या केबलनं चित्र टीव्हीकडे जातं, तिच्यातूनच टीव्हीचा आवाज उलटा रिसीव्हरकडे येतो. पण टीव्हीच्या तीन-चार सॉकेटांपैकी सहसा एकावरच एआरसी लिहिलेलं असतं, आणि रिसीव्हरच्या बाजूलाही केबल 'आउट'लाच हवी. टीव्हीच्या मेनूत सीईसी चालू कर. कंपन्यांनी त्याला आपापली नावं दिली आहेत, सॅमसंगमध्ये एनीनेट प्लस, एलजीमध्ये सिम्पलिंक, सोनीमध्ये ब्राव्हिया सिंक. तरीही आवाज नसेल तर टीव्हीचं डिजिटल आउटपुट पीसीएमवर करून बघ. आवाज आला म्हणजे केबल चांगली आहे, भांडण फॉरमॅटचं आहे. पण तिथेच सोडू नकोस, कारण साध्या एआरसीवर पीसीएम दोनच चॅनेलचा मिळतो आणि मागचे स्पीकर विनाकारण गप्प बसतात. आवाजाचं निदान झालं की बिटस्ट्रीम किंवा ऑटोवर आण. ऑप्टिकल केबलवरून अ‍ॅटमॉस येत नाही म्हणून मात्र कोणाशी वाद घालू नकोस. दोन चॅनेल किंवा दाबलेला 5.1, एवढंच तिच्यातून येतं.

काल चालत होतं आणि आज अचानक नाही, तर सगळ्यांचे प्लग भिंतीतून काढ. रिमोटनं बंद करणं म्हणजे बंद नव्हे. पाच मिनिटं थांब, मग आधी टीव्ही, नंतर रिसीव्हर, शेवटी बॉक्स सुरू कर.

एकच स्पीकर गप्प असेल तर मुख्य स्विच बंद करून रिसीव्हरच्या मागे डाव्या-उजव्याच्या वायरी आपसांत बदल. गप्प स्पीकर बोलायला लागला आणि दुसरा मुका झाला, तर दोष रिसीव्हरच्या त्या चॅनेलचा किंवा त्याच्याही आधीचा. पहिलाच मुका राहिला तर वायर किंवा स्पीकर. मग वायरीची दोन्ही टोकं रिसीव्हरमधून काढ आणि दीड व्होल्टचा साधा पेन्सिल सेल त्यांना क्षणभर टेकव. स्पीकर चांगला असेल तर 'टक्' होतं. जाळी काढून वूफरच्या पडद्याकडे बघ: सेलचं अधिक टोक लाल वायरीला लावल्यावर पडदा बाहेर यायला हवा. आत गेला तर वायर कुठेतरी उलटी जोडली आहे. अशी एक बाजू उलटी असली की आवाज येतो, पण बेस पातळ होतो आणि गायकाचा गळा मध्ये न येता खोलीभर विखुरतो. लोक असंच वर्षानुवर्षं ऐकतात आणि स्पीकर भिकार आहेत म्हणतात.

मुंबई-कोकणच्या दमट हवेत वायरीचं उघडं टोक हिरवट-काळं पडतं. पावसाळा संपला की अर्धा इंच कापून नवं तांबं सोलून काढायचं, घट्ट पीळ द्यायचा आणि एकही तार बाहेर राहू द्यायची नाही. केसाएवढी एक तार शेजारच्या टर्मिनलला टेकली की रिसीव्हर 'प्रोटेक्ट' दाखवून बंद पडतो. तसं झालं तर प्लग काढ, सगळ्या स्पीकरच्या वायरी सोडव, मग चालू कर. टिकला तर प्रत्येक वेळी बंद करून एकेक वायर जोड, कोणती खोड काढते ते सापडेल. एकही वायर नसताना बंद पडला तर पुन्हा पुन्हा चालू करू नकोस, तो मेकॅनिककडेच जायला हवा. आणि रिसीव्हरच्या डोक्यावर विणलेला रुमाल आणि त्यावर सेट-टॉप बॉक्स, ही मांडणी आजच काढ. वरच्या जाळीतून उष्णता बाहेर पडते.

गुणगुण येत असेल तर बॉक्सची डिशवाली किंवा केबलवाली जाड वायर काढून बघ. गुणगुण थांबली तर दोन वेगळ्या अर्थिंगांमुळे फेरा तयार झाला आहे. टीव्ही, रिसीव्हर, सबवूफर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घे. बहुतेकदा तेवढ्यानं भागतं. प्लगची अर्थची पिन तोडण्याचा सल्ला तुला कोणीतरी देईल. गुणगुण जाईलही, पण आत काही बिघडलं तर पत्र्यात करंट उतरेल. घरात लहान मूल आहे. हे करायचं नाही म्हणजे नाही.

आता सगळ्यांची तक्रार: गाणी कानठळ्या बसवतात आणि संवाद ऐकू येत नाहीत. चित्रपटाच्या 5.1 मध्ये संवाद जवळजवळ सगळे मधल्या स्पीकरवर असतात. घरात मधला स्पीकरच नसेल आणि मेनूत तो 'आहे' असं राहिलं असेल, तर संवाद रिसीव्हरमधून कुठेच बाहेर पडत नाहीत. सेंटरला 'नन' कर, तेच संवाद डाव्या-उजव्यात वाटले जातील. सेंटर असेल तर तो कपाटाच्या कप्प्यात आत ढकललेला आहे का बघ. कप्प्याच्या कडेला आण, तोंड किंचित वर, बसलेल्या माणसाच्या कानाकडे कर. मग त्याची लेव्हल दोन-तीन डेसिबल वाढव. रात्री आजी झोपली असेल तर डायनॅमिक रेंज किंवा नाइट मोड लाव, मोठे आवाज दबतात आणि संवाद वर येतात. इक्वलायझरच्या दहा पट्ट्या ओढत बसण्यापेक्षा ही चार कामं मोलाची आहेत.

ऑटो सेटअप करताना, मग ते डेनॉनचं ऑडिसी असो की यामाहाचं वायपाओ, माइक हातात धरू नकोस. स्टँडवर, कानाच्या उंचीवर ठेव. पंखा बंद, कुकर बंद, सगळ्यांना थोडा वेळ गप्प बसायला सांग. पंख्याच्या घरघरीत घेतलेलं माप चुकीचं निघतं. नंतर स्पीकर 'स्मॉल' आणि क्रॉसओव्हर 80 हर्ट्झच्या आसपास आहे ना, तेवढं बघ. सबवूफर मधेच गप्प होत असेल तर त्याचा ऑटो स्टँडबाय बंद कर. ओठ आणि आवाज जुळत नसतील तर ऑडिओ डिले.

जुन्या रिसीव्हरची एक खूण लक्षात ठेव. बारीक आवाजात एक बाजू गायब, नॉब वाढवला की 'खट' करून परत येते. हे बहुधा आतल्या रिलेचे काँटॅक्ट खराब झाल्याचं लक्षण. रिले बदलला की रिसीव्हर पुन्हा अनेक वर्षं चालतो, भंगारात देऊ नकोस. पण झाकण तू उघडायचं नाहीस. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरांत झटका बसेल एवढी वीज राहते.

मेकॅनिककडे नेताना सोबत कागदावर चार ओळी लिहून ने: कोणता इनपुट, कोणता स्पीकर, थंड असताना की तापल्यावर, टेस्ट टोन वाजला का, आणि तू काय काय करून पाहिलंस. रीसेट करण्याआधी मेनूच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेव.