आठ-सात

२ नोव्हेंबर २०१६. शिकागो कब्जनं क्लीव्हलंडला त्यांच्याच मैदानावर सातव्या सामन्यात ८-७ असं हरवलं आणि १०८ वर्षांनी बेसबॉलची वर्ल्ड सिरीज जिंकली. शिकागोत मध्यरात्र व्हायला आली होती. खाली रस्त्यावर हॉर्न वाजत होते आणि मी सोफ्यावर तसाच बसून होतो. आनंद झाला होता, पण छातीवरचं दडपण उतरत नव्हतं. त्या रात्रीनं मला जे शिकवलं, ते असं.

१. आघाडीवर विसंबू नये. ५-१ पुढे होतो, मग ६-३. आठव्या इनिंगमध्ये दोघे बाद झाले होते, जिंकायला आणखी चार जण बाद करायचे. तेव्हा क्लीव्हलंडच्या राजाई डेव्हिसनं मुठी वर सरकवून बॅट आखूड धरली आणि आमच्या अ‍ॅरोल्डिस चॅपमनचा चेंडू लेफ्ट फील्डच्या भिंतीपार धाडला. ६-६.

२. थकलेल्या माणसावर चिडू नये. मी चॅपमनवर चिडलो होतो. मग हिशेब केला: पाचव्या सामन्यात त्यानं ४२ चेंडू टाकले, सहाव्यात २०, सातव्यात ३५. चार दिवसांत ९७! सहाव्या सामन्यात त्याला आणलं, तेव्हा आम्ही ७-२ नं पुढे होतो. वनडेत दहा षटकं झाली की गोलंदाजाला नियमच थांबवतो. इथे पिचरला थांबवायचं ते मॅनेजरनं. आमचे मॅनेजर जो मॅडन यांचं तिथे चुकलं, असं मी आजही म्हणतो. जिंकलो म्हणून चूक बरोबर ठरत नाही.

३. नशिबाचा वाटा मान्य करावा. नवव्या इनिंगनंतर पाऊस आला, खेळ १७ मिनिटं थांबला. आमच्या जेसन हेवर्डनं सगळ्यांना एका खोलीत जमवून धीर दिला. दहाव्या इनिंगमध्ये झोब्रिस्ट आणि माँटेरो यांनी दोन धावा मिळवून दिल्या. लगेच डेव्हिसनं त्यातली एक परत घेतली. पाऊस पडला नसता तर? मला उत्तर सुचत नाही.

४. विजय एकट्याचा नसतो. कब्जच्या घरच्या मैदानाच्या, रिग्ली फील्डच्या, विटांच्या भिंतीवर लोक खडूनं नावं लिहीत होते, हा दिवस न पाहता गेलेल्या आईवडिलांची, आजी-आजोबांची. एका आजींचा हात पोचेना. त्यांनी खडू माझ्या हाती दिला, एकेक अक्षर सांगितलं, मी लिहिलं. त्यांच्या वडिलांचं नाव होतं. इतकी वर्षं परक्या वाटलेल्या या शहरात मी पहिल्यांदा कुणाच्या घरचा झालो.

५. हरलेल्याकडेही बघावं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात पेढ्यांचा डबा नेला होता. शेजारच्या टेबलावरचा सहकारी क्लीव्हलंडचा. तो स्वतः उठून आला, हात मिळवून अभिनंदन म्हणाला. त्याचे डोळे लाल होते. डबा मी पिशवीतच ठेवला.

क्लीव्हलंडनं वर्ल्ड सिरीज शेवटची जिंकली ती १९४८ मध्ये.